जाड दोरा

“वहिनी, एक विचारू काय? गिरिधरले बरोबर दिसते ना?”

भैयाजी दारातच उभा होता. चपला काढायचंही भान नव्हतं त्याला. रुख्मिणी उंबऱ्याशी बसून सुपात तीळ निवडत होती. तिचा हात थांबला, पण लगेच पुन्हा चालू झाला.

“काहून? काय झालं?”

“झालं काय, आज रुपरावजीच्या गादीवर उमरेडचा व्यापारी बसला होता. हिरवी लुगडी दाखवा म्हणे. आपल्या गिरिधरनं फळीवरून जांभळा गठ्ठा काढला, फर्रकन पसरवला, अन् वरून म्हणते, ‘पाहा हा हिरवा, पोपटाच्या पंखावानी!’ तो व्यापारी हसून हसून लोळला. पण रुपरावजी नाही हसला, वहिनी. तो गिरिधरकडं पाहतच राहिला.”

भैयाजी कापडाचा दलाल. गांधीबागेच्या कापडबाजारात दुकानादुकानांतून दिवसभर फिरायचा, त्यामुळे कुणाकडे काय झालं हे त्याला आधी कळायचं. घर समोरच्या आळीत, गच्चीसमोर गच्ची. रुख्मिणीचा नवरा गिरिधर रुपरावजीच्या दुकानात नोकरीला होता; भैयाजी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त आणि संक्रांतीच्या दिवशी लहानपणापासूनचा वैरी.

रुख्मिणीने सूप खाली ठेवलं. “रुपरावजीच्या दुकानात दिवसाढवळ्या अंधार असते, त्याले हे काय करतील? अन् भाऊजी, मले सांगा, ज्याले दिसत नाही तो दरसाल तुमची पतंग कसा काटते?”

भैयाजी खदखदून हसला. एवढा वेळ छातीवर धरून आणलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा तो मोकळा झाला. “बाप्पा! हेच म्हटलं मी रुपरावजीले! म्हटलं, ज्याले आभाळातला दोरा दिसते त्याले गादीवरचं लुगडं दिसणार नाही? भैताडावानी येडंवाकडं काही मनात आणू नका. तर तो म्हणते, बरं, मग या संक्रांतीले मीच येतो गिरिधरच्या गच्चीवर. माझ्या डोळ्यानं पाहतो पेच.”

“येऊ द्या ना. तिळगूळ घेऊन जातील,” रुख्मिणी म्हणाली.

भैयाजी गेला. रुख्मिणीने सूप पुन्हा मांडीवर घेतलं खरं, पण तिला तीळ कोणते आणि खडे कोणते ते दिसेना. डोळे भरून आले होते.

खरं तिला एकटीला ठाऊक होतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने गिरिधरच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं होतं आणि काचबिंदू म्हणून सांगितलं होतं. गेली ती नजर परत यायची नाही, उरलेलीही जाणार. परतताना टांग्यात गिरिधर एवढंच बोलला, “कोणाले सांगू नको वं.” तिने सांगितलं नाही. माहेरीही नाही, अमरावतीला दिलेल्या लेकीलाही नाही. आता त्याला उजेड आणि सावली कळायची, बाकी सगळं धुक्यात. तरी तो रोज पगडी चढवून दुकानात जायचा. मलमल कोणती, मांजरपाट कोणता, हे त्याची बोटं सांगायची. रंग मात्र बोटांना कळत नाहीत. कोणत्या फळीवर कोणता रंग हे त्याने पाठ केलं होतं. त्या दिवशी कुणीतरी गठ्ठे हलवले असणार, दुसरं काय!

आणि पतंग? लोकांना वाटायचं, पतंग उडवायला डोळे लागतात. लागतातच. पण गिरिधरला कधीच फारसे लागले नाहीत. त्याची सगळी पतंगबाजी उजव्या हाताच्या पहिल्या बोटात होती.

रुख्मिणी लग्न होऊन या घरात आली तेव्हाची गोष्ट. सासूबाई देवळात गेलेल्या, चुलीवर भात रटरटत होता, आणि हा बाबा अंगणातल्या खांबाला दोन दोऱ्या बांधून बसला होता. एक विहिरीचा जाड दोर, एक बारीक सुतळी.

“इकडं ये वं. गंमत पाय.”

“भात लागन माझा.”

“लागू दे. पाय!” त्याने दोन्ही दोऱ्या सारख्याच ताणून धरल्या आणि दोन्हींना एकदमच झटका दिला. झटक्याचा उंचवटा दोरीवरून धावत सुटला. सुतळीवरचा खांबाला धडकून परतसुद्धा आला, आणि दोरावरचा आपला निम्म्या वाटेत, जेवण झालेल्या मामासारखा डुलत चाललेला.

“ओढ दोघींची सारखी हाय. पण जाड दोर आळशी असते. त्याले आपलंच अंग जड,” गिरिधर म्हणाला. “आता हाच दोर जोरानं ओढतो. पाय.” त्याने पाय रोवून दोर ओढला, पुन्हा झटका दिला, आणि या खेपेला तोच दोर उंचवटा घेऊन चांगला पळाला. “समजलं? ताणलं की पळते, जड असलं की रेंगाळते. आभाळात काय होऊन राहिलं त्याची खबर दोऱ्यातून अशीच येते माझ्या बोटापाशी. ज्याची खबर आधी आली तो जिंकला.”

“दोरीले कुठी कचेरीत जायचं हाय एवढ्या घाईनं?” ती म्हणाली, आणि दोघंही इतके हसले की भात खरंच लागला. सासूबाईंनी संध्याकाळी खरपुडी वाढताना दोघांकडे जे पाहिलं, ते रुख्मिणीला म्हातारपणीही आठवायचं आणि हसू यायचं.

त्याच संक्रांतीला त्याने तिच्या हातात दोऱ्याची चक्री दिली. नव्या सुनेने गच्चीवर चढून चक्री धरायची म्हणजे त्या काळी केवढं धाडस! आळीभर कुजबुज झाली. पण गिरिधर म्हणाला, चक्री धरणाऱ्याला मनातलं कळायला हवं, दोरा मागायच्या आधी सुटायला हवा. रुख्मिणीला कळायचं. तेव्हापासून संक्रांत म्हणजे हळदीकुंकू सकाळीच उरकायचं आणि दुपारी गच्ची, हे ठरूनच गेलं. काय दिवस होते ते! आभाळ पतंगांनी गच्च, गल्ल्यागल्ल्यांतून पोट्टे काटक्या घेऊन पळतायत, आणि गच्चीगच्चीवरून आरोळ्या, ‘ओऽ काट!’

त्याची नजर जाऊ लागली तशी ती हळूच सांगू लागली. “डावीकडं आला. वर हाय. खाली उतरून राहिला.” चक्रीवाले बडबडतातच, कुणाला त्यात काही वाटलं नाही. दोरे भिडले की मग तिचं काम संपायचं आणि बोटाचं सुरू व्हायचं. समोरचा दोरा आपल्या दोऱ्याला नुसता चाटून गेला तरी ते त्या बोटाला कळायचं, आणि त्याच घडीला गिरिधर ढील द्यायचा. समोरच्याला कळेपर्यंत त्याचा पतंग गेलेला असायचा. मांजा आणि त्याखालचा साधा दोरा, म्हणजे सद्दी, दोन्ही तो बारीकच घ्यायचा, अगदी केसासारखी. लोक हसायचे, तुटेल म्हणायचे.

तर या साली सगळं त्या एका पेचावर येऊन ठेपलं. पेच नीट झाला तर रुपरावजीच्या मनातला किडा जाणार. नाही झाला तर गिरिधरची गादीवरची जागा जाणार, आणि त्या जागेबरोबर गिरिधरही. माणूस घरात बसला की संपतो, हे रुख्मिणीने आपल्या वडिलांचं पाहिलेलं होतं.

त्यात भाजीबाजारात देवकी भेटली. देवकी म्हणजे भैयाजीची बायको, पोटात काही न राहणारी. “यंदा आमच्या घरात बरेलीचा मांजा येऊन राहिला वं! असा जाड, असा धारदार, की यांचं स्वतःचं बोट कापलं. गिरिधर भाऊजीचा तो बारीक दोरा पाहतच राहील, सांगून ठेवते.”

रुख्मिणी घरी आली ती भीती घेऊनच. तुटला तर? भर पेचात, रुपरावजीसमोर, तो केसासारखा दोरा तुटला तर? जन्मभर तिने गोधड्या शिवल्या होत्या. तिपेडी जाड दोऱ्याने तिला कधी दगा दिला नव्हता. आणि अंगणातली ती दोन दोऱ्यांची गंमत तिला आठवत होतीच की. ताणलं की पळते, असंच म्हणाला होता ना तो? मग जाड दोरा जास्त ताणता येईल, ताणला की खबरही लवकर येईल. एवढा सरळ हिशेब! दुसरं अर्धं वाक्य मात्र त्या लागलेल्या भाताबरोबरच कुठेतरी राहून गेलं होतं.

गिरिधर दुकानात गेल्यावर तिने चक्री मांडीवर घेतली. वरचा बारीक मांजा अलगद उलगडून दुसऱ्या फिरकीवर घेतला, त्याखालची सगळी सद्दी काढून टाकली, आणि तिच्याजागी गोधडीचा तिपेडी दोरा घट्ट भरला. मग गाठ मारून बारीक मांजा पुन्हा वर गुंडाळला. वरून पाहिलं तर कुणाला कळू नये. गाठ तिने तीनतीनदा ओढून पाहिली. देवाला हात जोडले आणि चक्री कोनाड्यात ठेवली.

संक्रांतीच्या दुपारी रुपरावजी आला. रेशमी काठाचं उपरणं, हातात काठी. रुख्मिणीने गच्चीवर सतरंजी टाकली होती. तिळगुळाची थाळी पुढे केली तर म्हणाला, “आधी पेच, मग गोड.” समोरच्या गच्चीवर भैयाजी, देवकी आणि पोट्ट्यांचा गलका.

“गिरिधर! आज तुले सोडत नाही गा!” भैयाजी ओरडला.

“दरसाल म्हणते हा!” गिरिधरने आवाजाच्या दिशेने हात हलवला. “आधी तुझी पतंग वर तर चढू दे, बेट्या!”

गिरिधरचा लाल पतंग दोन-चार ठुमक्यांत वर चढला. वारा पडेल होता, तरी त्या हातात जादू होती, पतंग पायरीपायरीने वर गेला. रुपरावजी मान वर करून बघत होता. “वा!” म्हणाला. रुख्मिणीच्या हातात चक्री फिरत होती, तिचा जीव त्या गाठीत अडकला होता.

गाठ आली. चक्रीवरून सुटली, गिरिधरच्या बोटावरून गेली. रुख्मिणीने पाहिलं, त्याचं बोट थबकलं. मग मागून जाड दोरा बोटावरून जाऊ लागला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मागे ओढून घ्यायलाही वेळ नव्हता, पतंग दूर गेलेला, रुपरावजी बाजूला उभा.

“उजवीकडून येऊन राहिली,” ती पुटपुटली. “हिरवी हाय. जवळ आली.”

गिरिधरने दोरा ओढून पाहिला. दोन हात ओढला, चार हात ओढला. पण पतंगाच्या दोऱ्याची ओढ माणसाच्या हातात कुठे असते? वारा पतंगाला जेवढं ओढेल तेवढीच ती. त्या दिवशी वाऱ्यालाच जोर नव्हता. तिपेडी दोरा स्वतःच्याच वजनाने मध्ये झोळ घालून लोंबत होता. वर मांज्यावर काही झालं तर त्याची खबर आधी गाठीपाशी अडखळायची, तिथून निम्मी मागे फिरायची, आणि उरलेली त्या जड झोळातून रेंगाळत खाली यायची. रुख्मिणीला हे शब्दांत कळलं नाही. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिला ते दिसलं. दवाखान्यातून आला त्या दिवशीही तो असा दिसला नव्हता. अरे देवा, हे काय करून बसले मी!

“भिडली काय वं?” त्याने विचारलं. आजवर त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

“भिडली! ढील, ढील द्या!”

त्याने ढील दिली. पण उशीर झाला होता. वर, गाठीच्याही पलीकडे, बारीक मांज्यावर भैयाजीचा दोरा करवतीसारखा फिरला, आणि लाल पतंगाने मान टाकली. तो सुटला. हलकेच, गिरक्या घेत, दक्षिणेकडे वाहू लागला.

पतंग कटला की दोरा हातात मरतो, हे पोट्ट्यालाही कळतं. पण हा जाड दोरा मरेना. पतंग गेला तरी त्याचं आपलंच वजन हातात ओढत राहिलं. गिरिधरला वाटलं, पेच चालू आहे. तो ढील देत होता, हात सावरत होता, बोटाने चाचपत होता. मान किंचित वर, ओठ घट्ट, सगळं चित्त त्या दोऱ्यात. आभाळात त्याचं काहीच उरलं नव्हतं.

समोरच्या गच्चीवर पोट्ट्यांनी आरोळीसाठी तोंडं उघडली होती. भैयाजीने झटकन हात वर केला आणि त्यांना थांबवलं. तो आपल्या दोस्ताकडे बघत होता. बघता बघता त्याच्या तोंडावर सगळं उमटलं. जांभळं लुगडं, उंबऱ्यातला रुख्मिणीचा थांबलेला हात, सगळं. देवकीने पदर तोंडाला लावला. आजूबाजूच्या गच्च्यांवरचे लोकही एकेक करून गप्प झाले. रुपरावजीने वर पाहिलं, गिरिधरकडे पाहिलं, आणि मग आपल्या काठीच्या टोकाकडे बघत राहिला.

“कुठी हाय आता त्याची?” गिरिधरने हळूच विचारलं. “बोल ना वं.”

रुख्मिणी रिकाम्या आभाळाकडे पाहत राहिली.

गिरिधर वाट बघत राहिला. मग त्याचा हात हळूहळू थांबला. दूरच्या आळ्यांतून आरोळ्या ऐकू येत होत्या, फक्त इथेच, त्याच्याभोवती, संक्रांतीच्या भर दुपारी कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. त्याने दोरा थोडासा ओढला. पुन्हा ओढला. दोरा मुकाट खाली येत राहिला. त्याने तो बोटावरून काढला.

मग छाती भरून श्वास घेतला, भैयाजीच्या गच्चीकडे तोंड केलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला,

“ओऽऽ काट! काटली गा भैयाजी! काय काटली, वा!”

समोरून कुणी ओरडलं नाही. भैयाजीने हातातला दोरा तसाच सोडून दिला होता, त्याचा हिरवा पतंग कुठे चालला याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मग कठड्याशी येऊन तो म्हणाला, “वाराच नव्हता गा आज. वाऱ्यानं घात केला तुझा.”

“वारा दोघाले सारखाच होता, बेट्या,” गिरिधर म्हणाला.

रुपरावजी पुढे आला. त्याने गिरिधरच्या खांद्यावर हात ठेवला. थाळीतला एक तिळाचा लाडू उचलला, “येतो, वहिनी,” म्हणाला, आणि काठी टेकत जिना उतरून गेला. ‘उद्या ये दुकानात’ असं मात्र म्हणाला नाही. वाईट माणूस नव्हता तो, म्हणूनच त्याच्या तोंडून ते निघालं नाही.

गच्चीवर दोघंच उरली. रुख्मिणीने चक्री खाली ठेवली आणि ती रडू लागली, अगदी मोठ्याने, लाज न बाळगता. “मी बदलला दोरा. तुटू नये म्हणून. मी घात केला तुमचा, मी!”

“ठाऊक हाय. गाठ गेली ना बोटावरून. एवढी पक्की गाठ दुसरं कोण मारते?” तो चाचपत तिच्याजवळ आला आणि कठड्याला टेकून बसला. “पण तुटला नाही हं. शेवटपर्यंत नाही तुटला तुझा दोरा.”

“माझी गंमत करून राहिले काय तुम्ही?”

“गंमत नाही वं. बस इथी.” ती बसली. त्याने तिचा हात हातात घेतला. आळीत सगळ्यांसमोर असा हात त्याने कधी धरला नव्हता. “एक सांग. आता हळू नको बोलू, मोठ्यानं सांग. आपली पतंग कुठी गेली?”

रुख्मिणीने डोळे पुसले आणि दक्षिणेकडे पाहिलं. कौलांच्या छपरांवर तिथे काहीच नव्हतं. पतंग मघाशीच कुठल्याशा झाडामागे उतरला होता, एव्हाना पोट्ट्यांनी लुटलाही असेल.

“चालली सक्करदऱ्याच्या तळ्याकडं,” ती मोठ्याने म्हणाली. “लय उंच गेली. तळ्याच्या वर आली आता.”

“खाली नाही उतरली?”

“नाही. वरच हाय.”

तो चेहरा वर करून ऐकत राहिला, आणि ती सांगत राहिली.